तेवीस मजल्यांची किंमत

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नरिमन पॉइंटवरची एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १,६०१ कोटी रुपयांना विकत घेण्यास मंजुरी दिली. पुढच्या मार्चमध्ये केंद्राने होकार दिला. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा १,६०१चा आकडा आला. त्याच निर्णयात आणखी एक रक्कम होती, तिच्याकडे फार कुणाचे लक्ष गेले नाही. अनर्जित उत्पन्न आणि त्यावरचे व्याज मिळून राज्याचे जे २९८ कोटी ४२ लाख रुपये येणे होते, ते राज्याने सोडून दिले. एक रक्कम द्यायची होती, दुसरी घ्यायची नव्हती. दोन्ही मिळून खरी किंमत होते, आणि ती का मोजावी लागली हे समजून घ्यायचे तर ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिथून सुरुवात करावी लागते. शंभर वर्षांपूर्वी तिथे जमीनच नव्हती.

बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन काढायची कल्पना मुंबईला पहिल्यांदा सुचली ती कापसाच्या तेजीत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या पेठेत पैशाचा पूर आला. १८६४च्या सुमारास प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनिकांच्या पाठबळावर बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. तिच्या शेअरचे भाव आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि पाठोपाठ कंपनीही कोसळली. अर्धवट भरलेला पट्टा सरकारच्या ताब्यात आला आणि त्यातला भाग पुढे बीबीसीआय रेल्वेच्या उपयोगी पडला. पण तो डाव खासगी पैशाचा होता. बुडाले ते सट्टेबाज आणि त्यांचे भागधारक.

दुसरा डाव मात्र सरकारने मांडला. पहिले महायुद्ध संपताना सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर झाले. शहरात घरांची भयंकर टंचाई होती, भाडी वाढली होती. लॉइडसाहेबांनी १९२० मध्ये एक नवे खाते काढले, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. या नावाची आद्याक्षरे आजही मुंबईकरांच्या तोंडी आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी याच खात्याने बांधल्या. खात्याने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचे आश्वासन दिले होते, प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपास झाल्या. आणि याच खात्याच्या हाती बॅकबेची भरणी होती. अकराशेहून अधिक एकर जमीन, आठ ब्लॉक, कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंत.

योजना कागदावर सोपी दिसत होती. समुद्रात दगडी भिंत घालायची, बंदराच्या तळातला गाळ ड्रेजरने उपसायचा, तो नळांवाटे भिंतीच्या आत ओतायचा आणि गाळ बसला की जमीन तयार. पण ड्रेजर ठरल्यापेक्षा फारच कमी गाळ उपसू लागला. जो गाळ आत पडला, तो दगडी भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खर्चाचे अंदाज वर्षागणिक फुगत गेले. जमिनी विकून पैसा परत येईल या हिशेबावर सारी योजना उभी होती. पण वीसच्या दशकाच्या मध्यावर युद्धानंतरची तेजी ओसरली आणि त्या भावाला जमीन घेणारे उरले नाहीत. या प्रकाराला लॉइडसाहेबांचा मूर्खपणा असे नावच पडले.

हा हिशेब चव्हाट्यावर आणणारा माणूस म्हणजे खुर्शेद फ्रामजी नरिमन. जन्म १८८३चा, ठाण्याचा. पेशाने वकील, मुंबई कायदेमंडळाचे सभासद आणि काँग्रेसचे कार्यकर्ते. डेव्हलपमेंट खात्याच्या कारभारात पैशाची उधळपट्टी आणि गैरव्यवहार आहे असे ते कायदेमंडळात आणि बाहेरही जाहीरपणे म्हणत राहिले. खात्याच्या हार्वे नावाच्या इंग्रज अभियंत्याने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला. एका बाजूला सरकारी यंत्रणा, दुसऱ्या बाजूला एकटा वकील. खटला लांबला. कागदपत्रांवर कागदपत्रे निघाली, आणि १९२८च्या सुरुवातीला नरिमन निर्दोष सुटले. दरम्यान १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली होती. आठ ब्लॉकांपैकी पहिला, दुसरा, सातवा आणि आठवा एवढेच पुरे करायचे आणि मधले चार सोडून द्यायचे असे शेवटी ठरले. सातवा ब्लॉक लष्कराकडे गेला. पहिल्या-दुसऱ्यावर पुढे चर्चगेट रेक्लमेशनच्या त्या गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती आणि मरीन ड्राइव्ह आले.

नरिमन पुढे १९३५-३६ मध्ये मुंबईचे महापौर झाले. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधानपद त्यांच्याऐवजी बाळासाहेब खेरांकडे गेले. त्यावरून झालेल्या वादात ते काँग्रेसमध्ये एकटे पडले आणि १९४८ मध्ये गेले. त्यांचे राजकीय आयुष्य अपुरे राहिले हे खरे. पण सरकारने जनतेच्या पैशाचे काय केले, हे विचारण्याचा अधिकार त्यांनी कोर्टात उभे राहून मिळवला. माझ्या मते मुंबईच्या सार्वजनिक जीवनात ही फार मोठी कमाई आहे. चर्चगेट स्ट्रीटला वीर नरिमन रोड म्हणतो ते त्यांच्याच नावाने. आणि मधले जे ब्लॉक तेव्हा सोडून दिले होते, तिथे स्वातंत्र्यानंतर भरणी होऊन जे टोक तयार झाले, ते नरिमन पॉइंट.

हे मधले ब्लॉक, म्हणजे तिसरा ते सहावा, साठच्या दशकात महाराष्ट्र सरकारने पुन्हा हाती घेतले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. नेमक्या त्याच काळात मुंबईच्या भविष्याचा एक वेगळा आराखडा तयार होत होता. वास्तुकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी मांडले की बेटाच्या दक्षिण टोकाला आणखी नोकऱ्या कोंबू नका, खाडीपलीकडे नवे शहर वसवा. सरकारने ही कल्पना स्वीकारली. हे शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. या नव्या शहराचा प्राण म्हणजे खुद्द सरकार तिकडे जाणे. सचिवालय हलले असते तर त्यामागे वकील, बँका, कंपन्या आणि हजारो कारकून हलले असते. सचिवालय हलले नाही. बेलापूरला कोकण भवन झाले, विभागीय कार्यालये गेली, पण मंत्री आणि सचिव इथेच राहिले. आणि ज्या सरकारने नवी मुंबईची घोषणा केली, तेच सरकार दक्षिण टोकाला समुद्र बुजवून कचेऱ्यांसाठी भूखंड देत होते.

हे भूखंड कसे दिले गेले, हाही त्या काळातला मोठा वादाचा विषय होता. वास्तुकार आणि खासदार पिलू मोदी आणि इतरांनी सत्तरच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. जाहीर लिलाव न करता जनतेच्या मालकीची जमीन का दिली, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. म्हणजे नरिमन यांच्या नावाच्या जमिनीवर नरिमन यांचाच प्रश्न पन्नास वर्षांत दुसऱ्यांदा विचारला गेला. जमिनीची मालकी मात्र सरकारकडेच राहिली. भूखंड विकले गेले नाहीत, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे २९८ कोटींचे येणे निघाले ते यातूनच.

एक भूखंड एअर इंडियाला मिळाला. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली ही कंपनी तेव्हा भरात होती. जे. आर. डी. टाटा अध्यक्ष होते, १९७१ मध्ये पहिले जंबो विमान ताफ्यात आले होते, आणि बॉबी कूकांच्या महाराजा या बोधचिन्हाला जगभर लोक ओळखत होते. अशा कंपनीला आपले मुख्य कार्यालय मुंबईच्या समुद्राकडे तोंड करून असावे असे वाटले, यात नवल नाही. न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी या संस्थेतील जॉन बर्जी यांनी आराखडा केला. १९७४ मध्ये इमारत पुरी झाली. पांढरी, उभी, तेवीस मजल्यांची, माथ्यावर कंपनीचे चिन्ह, लाल सेंटॉर. रात्री मलबार हिलवरून पाहिले की मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची रांग जिथे संपते तिथे तो दिसायचा. शेजारी एक्सप्रेस टॉवर्स, ओबेरॉय हॉटेल. पुढे १९८१ मध्ये विधान भवनही जवळच आले. सत्तरच्या दशकात वाढलेल्या पिढीला मुंबई म्हणजे व्हीटी स्टेशन आणि ही एअर इंडियाची इमारत. कॅलेंडरांवर, हिंदी सिनेमांच्या सुरुवातीला आणि गावाकडून आलेल्या पाहुण्यांच्या फोटोंत ती असायचीच.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. ओव्हल मैदानासमोरचे जुने सचिवालय, जिथे आज दिवाणी व सत्र न्यायालय आहे, ते हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांच्या आराखड्यानुसार १८७४ मध्ये पुरे झाले. एअर इंडियाची इमारत बरोबर शंभर वर्षांनी. एका शतकात सरकारी कचेरी ओव्हलवरून थोडी दक्षिणेला सरकली. १९५५ मध्ये नवे सचिवालय झाले, १९७५ मध्ये शंकरराव चव्हाणांच्या काळात त्याचे मंत्रालय झाले. या सगळ्या इमारती एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. मुंबई उत्तरेला विरार-कसाऱ्यापर्यंत पसरली, राज्य गडचिरोलीपर्यंत आहे, पण सरकारचे बूड या एका कोपऱ्यातून हलले नाही.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला बॉम्बस्फोट झाला. साधारण तासाभराने एअर इंडियाच्या इमारतीत गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. तिथे २० माणसे मेली. तिथल्या बँक ऑफ ओमानच्या कचेरीचे नाव राहिले नाही. त्या दिवशी शहरभरात २५७ जीव गेले. इमारत उभी राहिली, दुरुस्त झाली, लोक पुन्हा कामावर आले. या इमारतीचे कोणतेही मोल करताना तिथे जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची आठवण ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे.

एअर इंडियाची घसरण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाले, कर्ज वाढत गेले आणि पगार लांबू लागले. २०१३ मध्ये मुख्य कार्यालय दिल्लीला गेले. रिकामे मजले भाड्याने देऊन उत्पन्न काढायला सुरुवात झाली. बँका, कंपन्या आणि आयकरासारखी केंद्राची कार्यालये भाडेकरू म्हणून आली. विमान कंपनीच्या मुख्यालयाची भाड्याची इमारत झाली. मालमत्ता विकून कर्ज फेडायचे ठरले तेव्हा यादीत सगळ्यात वर हीच इमारत असणे साहजिक होते.

इकडे मंत्रालयात २१ जून २०१२ रोजी आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेल्या आगीने वरचे मजले गिळले, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांची दालने त्यात गेली. पाच माणसे मेली, असंख्य फायली जळाल्या. तेव्हा अनेक खाती तातडीने बाहेर काढावी लागली. काही जी. टी. रुग्णालयाच्या संकुलात गेली, काही कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. इमारत दुरुस्त झाली तरी सगळी खाती परत आली नाहीत. मुळात १९५५चे मंत्रालय आजच्या राज्याला पुरणारे नव्हतेच. खाती वाढली, मंत्री वाढले, सचिव वाढले. आज कामासाठी आलेला माणूस मंत्रालयाच्या फाटकावर पासच्या रांगेत उभा राहतो. आत गेल्यावर कळते की आपली फाइल इथे नाही, जी. टी.ला आहे. मग टॅक्सी. मग तिथली रांग. यवतमाळहून किंवा सिंधुदुर्गातून रात्रीच्या गाडीने आलेल्या माणसाचा एक दिवस असा जातो, आणि संध्याकाळची परतीची गाडी त्याने आधीच काढून ठेवलेली असते.

म्हणून राज्याला जागा हवी होती यात शंका नाही. खाती भाड्याच्या जागेत ठेवून वर्षानुवर्षे जनतेचा पैसा घरमालकांना देणे हा तर सगळ्यात वाईट मार्ग. एअर इंडियाची इमारत मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे २०१८ मध्ये ती विक्रीला निघाली तेव्हा देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने रस घेतला, हे योग्यच केले.

विक्री खासगी बिल्डरांसाठी खुली नव्हती. सरकारी संस्थांनीच बोली लावायची होती. तिघे पुढे आले. महाराष्ट्र सरकारने १,४०० कोटी देऊ केले, जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्टने १,३७५ कोटी आणि आयुर्विमा महामंडळाने १,२०० कोटी. राज्याची बोली सर्वांत मोठी ठरली. पण विकणाऱ्यांची अपेक्षा १,६०० कोटींच्या आसपास होती आणि व्यवहार अडला. मग निवडणुका आल्या, सरकार बदलले, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, करोना आला. मधल्या काळात पुन्हा बोलणी झाली, थांबली, पुन्हा झाली.

दरम्यान दिल्लीत एअर इंडियाचाच निकाल लागला. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांनी १८,००० कोटींची बोली जिंकली. त्यातले १५,३०० कोटी कर्जाच्या रूपाने आणि २,७०० कोटी रोख. २७ जानेवारी २०२२ रोजी विमाने, मार्ग आणि महाराजा टाटांकडे परत गेले. पण जमिनी आणि इमारती गेल्या नाहीत. त्या एअर इंडिया असेट्स होल्डिंग लिमिटेड या सरकारी कंपनीकडे ठेवल्या गेल्या. कर्जाचा मोठा बोजाही तिच्याकडेच राहिला. म्हणजे नरिमन पॉइंटची इमारत विकून जे पैसे येतील ते केंद्राच्या पदरी पडून विमान कंपनीचे जुने देणे फेडण्यात जाणार होते. इमारतीत एकेकाळी जपलेला चित्रांचा आणि शिल्पांचा मोठा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. हजारो वस्तूंचा तो संग्रह मुंबईत राहायला हवा होता असे मला मनापासून वाटते.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री आणि फडणवीस उपमुख्यमंत्री झाले, तेव्हा इमारतीचा विषय पुन्हा वर आला. शेवटी नोव्हेंबर २०२३चा तो निर्णय झाला. १,६०१ कोटी रुपये, ४६,४७० चौरस मीटर क्षेत्र, इमारत शंभर टक्के रिकामी करून मिळाली पाहिजे ही अट, आणि २९८ कोटी ४२ लाखांची माफी.

माफीची ही रक्कम कशाची, ते नीट समजून घेऊ. सरकारी जमीन भाडेपट्ट्याने घेणाऱ्याने ती दुसऱ्याला द्यायची ठरवली, तर मधल्या काळात जमिनीची जी किंमत वाढली तिच्यात सरकारचा ठरावीक वाटा असतो. जमीन वाढली ती घेणाऱ्याच्या कष्टाने नाही. शहर वाढले, रस्ते, दिवे, रेल्वे आणि पाणी सगळे जनतेच्या पैशातून आले, म्हणून ती वाढ जनतेचीही आहे. महसुलात यालाच अनर्जित उत्पन्न म्हणतात. राज्यभर हजारो गृहनिर्माण संस्था, शिक्षणसंस्था आणि सामान्य पट्टेदार हा वाटा भरतात, आणि व्याज थकले तर तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत नोटिसा येतात. इथे ते सोडून देण्याचा युक्तिवाद सरकारकडे आहे. विकणारे सरकार, घेणारे सरकार, एका खिशातून दुसऱ्या खिशात. पण हे खिसे एकाच माणसाचे नाहीत. एक केंद्राचा आहे, दुसरा महाराष्ट्राचा. महाराष्ट्राच्या खिशातून एकूण १,८९९ कोटी ४२ लाख रुपयांचे मोल गेले.

आता हिशेब मांडून पाहू. ४६,४७० चौरस मीटर म्हणजे सुमारे पाच लाख चौरस फूट. १,६०१ कोटींना भागले तर चौरस फुटाला साधारण ३२,००० रुपये पडतात. माफीसकट धरले तर सुमारे ३८,००० रुपये. नरिमन पॉइंटच्या समुद्रासमोरच्या जागेला हा भाव अवास्तव आहे असे कुणी म्हणणार नाही. पण हे पाच लाख फूट म्हणजे एकूण बांधीव क्षेत्र. त्यात तळघरे, जिने, लिफ्ट आणि यंत्रांच्या खोल्या येतात. टेबल-खुर्ची मांडून माणसे बसतील असे चटई क्षेत्र त्यापेक्षा बरेच कमी असणार, आणि त्या मापाने भाव वर जाणार. इमारत पन्नास वर्षांची आहे. तिच्यात वायुविजन, वीज, अग्निशमन यांच्या जुन्या व्यवस्था बदलाव्या लागणार, तो खर्च निराळा. २०१२ची आग पाहिलेल्या सरकारने अग्निसुरक्षेत हात आखडता घेऊ नये, हे सांगायची गरज नाही.

आणि जमीन? जमीन आधीपासून राज्याचीच होती. १९२०च्या दशकात मुंबईच्या करदात्याने पहिल्यांदा या समुद्रात पैसा ओतला. साठच्या दशकात दुसऱ्यांदा, मधले ब्लॉक भरताना. सत्तरच्या दशकात देशाच्या करदात्याच्या पैशावर उभ्या असलेल्या कंपनीने त्यावर इमारत बांधली. पुढे त्याच कंपनीचे कर्ज करदात्याने पत्करले. आणि २०२३च्या निर्णयाने महाराष्ट्राच्या करदात्याने ती इमारत विकत घेतली. व्यवहार कायदेशीर आहे, हेतू चांगला आहे. तरी एकाच जागेसाठी जनता इतक्या वेळा पैसे भरते, हे पाहून कुठल्याही नागरिकाने थांबून प्रश्न विचारला पाहिजे.

माझे मत स्पष्ट आहे. ही इमारत राज्याने घेतली हे बरे झाले. नाहीतर आज ना उद्या ती पाडून काचेचा उंच टॉवर उभा करण्याचा कुणी प्रयत्न केला असता, आणि मुंबईची एक ओळखीची खूण गेली असती. पण मंत्रालय नवी मुंबईला नेण्याची पन्नास वर्षांपूर्वीची संधी या खरेदीने आता कायमची मिटवली आहे, आणि त्यावर विधिमंडळात सविस्तर चर्चा झाली असती तर ते योग्य झाले असते. कोरिया-मेहता-पटेल यांनी विचारलेला प्रश्न एका मंत्रिमंडळ बैठकीत निकालात काढण्याइतका लहान नव्हता. समुद्राची पातळी वाढते आहे, पावसाळ्यात चर्चगेटला पाणी साचते आहे. भरणीच्या या जमिनीवर सरकारचे आणखी पाच लाख फूट ठेवताना पुढच्या पन्नास वर्षांचा विचार केला का, हे जनतेला कळले पाहिजे.

म्हणून विधिमंडळाच्या प्रत्येक सदस्याला आणि लोकलेखा समितीला विनंती आहे. १,६०१ कोटी कसे ठरले त्याचा मूल्यांकन अहवाल, माफ केलेल्या २९८ कोटी ४२ लाखांची फोड, चटई क्षेत्राचे मोजमाप, दुरुस्तीचा अंदाजपत्रकी खर्च, आणि कोणकोणती खाती भाड्याच्या जागा सोडून इथे येणार, त्यातून दरवर्षी किती भाडे वाचणार, हे सगळे एका श्वेतपत्रिकेत मराठीतून सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावा. पुरवणी मागण्यांच्या जाड पुस्तकातल्या एका ओळीवर हा विषय संपू देऊ नका. आणि इमारतीत पहिले कोणते खाते जावे असे विचाराल, तर मी म्हणेन, ज्याच्याकडे ग्रामीण भागातून सगळ्यात जास्त माणसे येतात ते, आणि तळमजल्यावर.